भिंतीवरून चालणारी भोपळ्याची बी

पावसाळा सरत आला की न्हाणीघराच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात किंवा पलंगामागच्या ओलसर भागात भोपळ्याच्या बीसारखे काहीतरी चिकटलेले दिसू लागते. रंग जुन्या सिमेंटचा, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. बहुतेक घरांत ते गिलाव्याचा पोपडा किंवा वाळलेला केर समजून सोडून दिले जाते. मग कधीतरी लक्षात येते की सकाळी दिव्याच्या बटणाखाली असलेला हा पोपडा संध्याकाळी बटणाच्याही वर वीतभर चढलेला आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. पुण्यासारख्या त्या मानाने कोरड्या गावातही ओल धरलेल्या खोलीत तो भेटतो. मात्र हा नेमका कोण, असे विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी त्याला नुसते ‘भिंतीवरचा किडा’ म्हणतो, कोणी पालीच्या अंड्याचे टरफल समजतो, आणि माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तर हा किडा सिमेंट खातो आणि त्यामुळेच भिंतीला पोपडे येतात, असे ठामपणे सांगत असत.

प्रत्यक्षात ती एका चिमुकल्या पतंगाची अळी असते आणि ते बीसारखे दिसणारे तिचे घर असते. इंग्रजीत या पतंगाला ‘हाउसहोल्ड केसबेअरर’ म्हणजे घरात राहणारा पिशवीवाहक म्हणतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात त्याला ‘प्लास्टर बॅगवर्म’ असेही नाव आहे. शास्त्रीय नाव फेरेओइका युटेरेला. त्याची एक जवळची बहीण आहे, फेरेओइका ॲलुटेला, आणि या दोघींच्या पिशव्या एकमेकींशेजारी ठेवल्या तरी कोणती कोणाची हे सांगता येत नाही. पतंग पकडून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे जननेंद्रिय तपासले तरच खात्रीने निवाडा होतो. त्यामुळे आपल्या भिंतीवरच्या पिशवीचा फोटो पाहून कोणी छातीठोकपणे जातीचे नाव सांगितले, तर त्यावर फार विसंबू नये. राहणी आणि सवयी मात्र दोघींच्या इतक्या सारख्या आहेत की घरातल्या माणसाच्या दृष्टीने त्यांचा विचार एकत्रच करता येतो.

येथे शब्दांचा एक घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. या पिशवीला पुष्कळ जण ‘कोष’ म्हणतात. कोष म्हणजे अळीचे फुलपाखरू किंवा पतंग होताना मधल्या निपचित अवस्थेत तिच्याभोवती असलेले आवरण. रेशमाचा किडा कोष विणतो तो या अर्थाने. आपल्या भिंतीवरची पिशवी ही तशी नाही. अळी अंड्यातून बाहेर पडली की काही काळातच ती पहिली पिशवी तयार करते आणि त्यानंतर खाणे, चालणे, लपणे, कात टाकणे हे सगळे त्या पिशवीतच राहून करते. पुढे कोषावस्थाही ती त्याच पिशवीत काढते, हे खरे. पण तो तिचा शेवटचा उपयोग झाला. म्हणून या लेखात तिला पिशवीच म्हटले आहे.

हे सगळे पाहायचे असेल तर फार साधने लागत नाहीत. भिंतीवरची एक पिशवी पोस्टकार्डाच्या कडेने अलगद उचलावी, पांढऱ्या कागदावर ठेवावी, हाताशी एखादे भिंग घ्यावे आणि मुख्य म्हणजे पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसावे. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा सुरुवातीची काही मिनिटे काहीच घडले नाही आणि मला वाटले की पिशवी रिकामी असावी. मग एका टोकाची फट किंचित उघडली. आधी गडद तपकिरी डोके आले, त्यामागे छातीच्या भागावरची तशीच गडद कवचे, आणि सहा आखूड पाय. पायांनी तिने कागद धरला, अंग आखडले, आणि मागची पिशवी एक हिसका खाऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकली. पुन्हा डोके पुढे, पुन्हा पकड, पुन्हा हिसका. बैलाने गाडी ओढावी तसे हे नसते. पोटाखाली असलेल्या मांसल पायांच्या आकड्यांनी तिने पिशवीचे अस्तर आतून घट्ट धरलेले असते, त्यामुळे अंग आखडले की घर आपोआप मागोमाग येते. मी कागदावर बोटाने हलकेच टिचकी मारली, तशी ती एका क्षणात आत गेली आणि फट बंद झाली. काही वेळाने ती पुन्हा बाहेर आली, तेव्हा ती दुसऱ्या टोकातून आली.

हे दुसरे टोक या पिशवीच्या रचनेचे मर्म आहे. पिशवीची दोन्ही टोके उघडी आणि हुबेहूब सारखी असतात, आणि मधला भाग रुंद असतो तो उगाच नव्हे: अळीला आतल्या आत उलटे वळता यावे एवढी जागा तेथे लागते. म्हणजे या घराला पुढचे दार आणि मागचे दार असा भेद नाही. एकीकडे धोका वाटला तर ती वळते आणि दुसरीकडून निघते. आत शिरल्यावर ती पिशवीची खालची बाजू वर ओढून धरते, त्यामुळे टोकाची फट चपटी होऊन मिटते. बाहेरून ती उघडायचा प्रयत्न केला तर पिशवी फाटते, पण फट सहजी उघडत नाही. मुंगीच्या किंवा कोळ्याच्या ताकदीपुढे एवढी व्यवस्था बऱ्याचदा पुरते.

पिशवी तयार होते ती अशी. अळीच्या तोंडापाशी रेशीम सोडणारी ग्रंथी असते. त्या रेशमाने ती आधी जमिनीवर एक छोटी कमान विणते, जिचे दोन्ही पाय खाली चिकटलेले असतात. कमानीच्या बाहेरच्या अंगाला ती आसपास मिळतील ते बारीक कण लावत जाते: वाळू, माती, चुन्याची भुकटी, लोखंडाचा गंज, किड्यांच्या लेंड्या, मेलेल्या किड्यांचे तुकडे, केस, कपड्यांचे तंतू. आतल्या बाजूला मात्र निव्वळ रेशीम असते. कमान पुढेमागे वाढवत तिचा बोगदा होतो, अळी या सगळ्या वेळात आतच असते, आणि शेवटी ती बोगद्याचा तळही विणून बंद करते. आता तो जमिनीपासून सुटा झालेला असतो आणि अळी घर घेऊन चालायला मोकळी होते. पुढे प्रत्येक वेळी कात टाकली की अंग वाढते आणि त्याबरोबर ती पिशवीही वाढवत नेते. पूर्ण वाढलेल्या अळीची पिशवी ८ ते १४ मिलिमीटर लांब आणि ३ ते ५ मिलिमीटर रुंद भरते. आतली अळी साधारण ७ मिलिमीटरची, म्हणजे पिशवीच्या मानाने बरीच लहान असते.

पिशवीचा राखाडी रंग हा त्यामुळे अळीचा स्वतःचा नसतोच. तो आपल्या घरातल्या धुळीचा रंग असतो. भिंगाखाली मी पाहिलेल्या एका पिशवीच्या अर्ध्या भागावर विटकरी ठिपके होते, आणि ती जेथून उचलली त्या खिडकीचे गज वर्षानुवर्षे रंग न लावल्याने गंजलेले होते. दुसऱ्या एका पिशवीत निळ्या धाग्याचा आखूड तुकडा आडवा विणलेला होता. तो पायपुसण्याचा असावा. एखाद्या खोलीत काय काय झडते, गळते आणि कोपऱ्यात साचते याचा इतका नेटका नमुना झाडूवालाही गोळा करून देणार नाही.

ही अळी सिमेंट, रंग किंवा गिलावा खात नाही. भिंतीवर ती असते म्हणून भिंतीला पोपडे येतात, हा समज उलटा आहे: भिंतीला ओल असते म्हणून पोपडेही येतात आणि ही अळीही येते. तिचे मुख्य अन्न म्हणजे कोळ्यांची जुनी जळमटे. त्याखेरीज केस, लोकर, पिसे, मेलेले किडे आणि स्वतःच्याच जातीच्या सोडून दिलेल्या पिशव्या. १९३० च्या दशकात फ्लोरिडात या अळीला काय आवडते याची चाचणी घेतली गेली तेव्हा तिने लोकरीचे धागे आणि लोकरी कापड आनंदाने खाल्ले, पण सुती कापडाला तोंड लावले नाही. पुढे पनामा येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधिका ॲनेट आयेलो यांनी फेरेओइका ॲलुटेलाच्या अळ्या मेलेल्या डासांवर वाढवून दाखवल्या आणि त्यांचे जीवनचक्र १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याला या अळीबद्दल जे बारकावे ठाऊक आहेत, त्यांतले बरेचसे त्या एका निरीक्षणातून आलेले आहेत.

सुती कापड नको आणि लोकर हवी, यामागे साधे रसायन आहे. कापूस हा वनस्पतीचा, म्हणजे सेल्युलोजचा. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. लोकर, केस, पिसे आणि नखे ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, आणि कोळ्याचे जाळे हेही एक प्रकारचे प्रथिनच आहे. अंगाची वाढ करायची तर अळीला प्रथिने हवीत. आता प्रश्न असा की केराटिनमध्ये एवढे अन्न असताना इतर प्राणी ते का खात नाहीत? कारण केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना आडव्या जखडलेल्या असतात; खाटेच्या दोन नवारपट्ट्या आडव्या दोऱ्यांनी शिवून टाकाव्यात तशा. आपल्या जठरातल्या पाचकरसांना हे दोरे तोडता येत नाहीत, म्हणून जेवणात आलेला केस आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. या पतंगाच्या कुळातल्या कपडे खाणाऱ्या अळीच्या आतड्याचा याबाबतीत बारकाईने अभ्यास झालेला आहे. तिच्या आतड्याच्या मधल्या भागात प्राणवायू अत्यल्प असतो आणि तेथील रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कधर्मी असतो. अशा ठिकाणी गंधकाचे बंध आधी सुटतात, साखळ्या मोकळ्या होतात, आणि मग पाचकरस त्यांचे तुकडे करू शकतात. ज्या वस्तूला जगात फारसे गिऱ्हाईक नाही ती पचवण्याची सोय करून घेतल्यामुळे या कुळाला अन्नासाठी फारशी स्पर्धाच उरली नाही.

या कुळाचे नाव टिनेइडी, आणि त्यात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. पतंगाची अळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाने कुरतडणारी हिरवी अळी येते, पण या कुळातल्या बहुतेक अळ्या जिवंत हिरव्या पानाकडे फिरकतही नाहीत. बुरशी, दगडफुले, कुजलेले लाकूड, पक्ष्यांच्या घरट्यातली पिसे, वटवाघळांच्या गुहेतली विष्ठा असल्या वस्तूंवर त्या वाढतात. माणसाचे घर त्यांच्या दृष्टीने या सगळ्याचा छान मिलाफ आहे. सावली आहे, ओल आहे, वर कोळी आहेत, खाली केस आणि कोंडा आहे, आणि वाळूचे कण तर आहेतच.

आपल्याकडच्या वाचकांना या कुळाची एक शाखा चांगली परिचित आहे, ती म्हणजे कसर. घोंगडीला कसर लागली, शालीला कसर लागली, असे आपण म्हणतो. मराठीत हा शब्द जरा ऐसपैस वापरला जातो. पुस्तके खाणाऱ्या रुपेरी, बिनपंखाच्या किड्यालाही कसरच म्हणतात, आणि त्याचा पतंगाशी काही संबंध नाही. लोकर खाणारी खरी कसर म्हणजे टिनेइडी कुळातल्या दोन-तीन जातींच्या अळ्या. त्यांतली एक, टिनिया पेलिओनेला, हीदेखील पिशवी वाहते, पण तिची पिशवी गोल नळीसारखी असते आणि बहुधा ती ज्या कापडावर चरते त्याच कापडाच्या तंतूंची असते. लाल शाल खाल्ली तर पिशवी लाल. आपली भिंतीवरची पिशवी चपटी आणि भोपळ्याच्या बीसारखी आहे, एवढ्या एका खुणेवरून दोघींमधला फरक ओळखता येतो. दुसरी कपडे खाणारी अळी, टिनिओला, चालती पिशवी करतच नाही. ती कापडावर रेशमाचे जाळे पसरून त्याखाली राहते.

नावाच्या साम्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. बाभळीवर किंवा कुंपणाच्या मेंदीवर काड्यांची मोळी बांधल्यासारखी पिशवी लोंबताना दिसते, तिलाही इंग्रजीत बॅगवर्म म्हणतात. ते कूळ वेगळे, सायकिडी. तिची अळी झाडाचा पाला खाते, पिशवीला काड्या आणि पानांचे तुकडे लावते, आणि त्या कुळातल्या अनेक जातींमध्ये मादीला पंखच येत नाहीत. ती आयुष्यभर पिशवीतून बाहेरही पडत नाही. घरातल्या पिशवीवाहकाच्या मादीला पंख असतात. रेशमाने घर बांधून ते ओढत नेण्याची ही युक्ती त्याहूनही लांबच्या नात्यात सापडते: सह्याद्रीतल्या ओढ्यात दगड उलटा केला तर वाळूच्या कणांची नळी घेऊन चालणाऱ्या ज्या अळ्या दिसतात, त्या कॅडिसमाशीच्या असतात, आणि कॅडिसमाशा हा पतंग-फुलपाखरांचा सर्वांत जवळचा भाऊबंद गट आहे.

आता ओलाव्याविषयी, कारण घरात हा पतंग कोठे राहील हे बहुतांशी त्यावर ठरते. कपडे खाणाऱ्या टिनिओलाला कोरड्या कपाटातही राहता येते. अन्न पचवताना शरीरात तयार होणाऱ्या पाण्यावर ती बरेचसे भागवते. फेरेओइकाला ते जमत नाही. तिच्या वाढीला दमट हवा लागते, आणि म्हणूनच जगाच्या नकाशावर ती उष्ण आणि दमट पट्ट्यात पसरलेली आहे: कॅरिबियन बेटे, ब्राझील, फ्लोरिडा, पनामा, हवाई, श्रीलंका, भारत. फ्लोरिडातसुद्धा दक्षिणेकडच्या दमट भागात ती अधिक आढळते. घराच्या आतही हाच नियम लहान प्रमाणावर लागू होतो. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटाची मागची बाजू, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, धुण्याच्या यंत्रामागची फट, जिन्याखालची अडगळ, वर्षानुवर्षे न हलवलेला दिवाण अशा ठिकाणी हवा खेळत नाही, ओल टिकते आणि जळमटे जमतात. खिडकीशेजारच्या उन्हाच्या भिंतीवर एखादी पिशवी दिसली तरी ती तेथे वाढलेली नसते. ती कोठून तरी चालत आलेली असते.

हे चालत येणे समजून घेतले की एक जुने कोडे सुटते. भिंत पुसली, पिशव्या काढून टाकल्या, तरी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढ्याच कशा दिसतात? कारण अळी चरते ती खाली, जमिनीच्या कडेला, पायपुसण्याच्या आणि सतरंजीच्या आडोशाला, फर्निचरच्या मागे. आणि तेथे ती धुळीत धुळीसारखी दिसत असल्याने आपल्या नजरेस पडत नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून कात टाकत वाढीच्या सहा-सात टप्प्यांतून जात, साधारण ५० दिवस ती असे आयुष्य काढते. वाढ पूर्ण झाली की ती उभ्या पृष्ठभागावर चढू लागते, सोयीची जागा पाहून पिशवीची दोन्ही टोके रेशमाने भिंतीला चिकटवते आणि आत कोषावस्थेत जाते. आपल्याला उजळ रंगाच्या भिंतीवर ठळकपणे दिसते ती ही शेवटची मजल. म्हणजे भिंतीवर स्थिर चिकटलेल्या ज्या पिशवीचा आपल्याला राग येतो तिचे खाऊन-पिऊन झालेले असते, आणि पुष्कळदा तर ती रिकामीच असते. जे चालू आहे ते पलंगाखाली चालू आहे.

चिकटवण्यापूर्वी ती आणखी एक काम करते. पिशवीच्या एका टोकाच्या दोन्ही कडांना ती छोटी चीर पाडते, त्यामुळे ते टोक अधिक चपटे होते आणि आतून ढकलले की उघडणाऱ्या, बाहेरून दाबले तर मिटणाऱ्या झडपेसारखे काम करते. मग त्या टोकाकडे डोके करून ती कोषात जाते. पतंग झाल्यावर त्याला कुरतडण्याजोगी तोंडे नसतात, म्हणून बाहेर पडण्याची वाट अळी असतानाच तयार करून ठेवावी लागते. कोषावस्था ११ ते २३ दिवस चालते, सरासरी पंधरा-सोळा. शेवटी कोष झडपेतून अर्धा बाहेर सरकतो, उकलतो, आणि पतंग निघून गेल्यावर त्याची पातळ तपकिरी साल पिशवीच्या तोंडात अडकून राहते. भिंतीवरच्या पिशवीच्या एका टोकाला अशी साल डोकावत असेल, तर पक्षी उडून गेलेला आहे असे खुशाल समजावे.

एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर जो पतंग बाहेर येतो तो इतका साधा असतो की तो आणि ती पिशवी एकाच जिवाच्या दोन अवस्था आहेत हे घरातल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. मादीच्या पसरलेल्या पंखांची रुंदी १० ते १३ मिलिमीटर; रंग राखाडी, पुढच्या पंखांवर जास्तीत जास्त चार गडद ठिपके. मागच्या पंखांच्या कडेला फिकट राखाडी, केसांसारख्या लांब खवल्यांची झालर असते. नर त्याहून लहान, ७ ते ९ मिलिमीटरचा, अंगाने बारीक, आणि त्याच्यावरची नक्षी आणखी पुसट. डोक्यावर विस्कटलेल्या केसांसारखे खवले असतात, त्यामुळे भिंगाखाली तो नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. बसताना पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते ठेवतो. दिवसा भिंतीवर, जमिनीच्या कडेला, आणि मौज म्हणजे घरातल्या कोळ्याच्या जाळ्यावरही तो निवांत बसलेला आढळतो. पतंगाच्या पंखांवरचे खवले सैल बसलेले असतात आणि चिकट धाग्याला लागले तर खवला सुटतो, पतंग सुटतो. आपल्या बोटांना पतंग धरल्यावर जी पूड लागते ती हीच. शिवाय जुन्या, धूळ बसलेल्या जळमटात चिकटपणा फारसा उरलेलाही नसतो.

मिलनानंतर मादी खोबणीत, भिंत आणि फरशी जेथे मिळतात त्या फटीत, किंवा केरात अंडी चिकटवते. एका मादीची सुमारे २०० अंडी, आठवडाभरात घातलेली, आणि त्यानंतर तिचे आयुष्य संपते. अंडे मऊ, फिकट निळसर आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. दहा दिवसांहून थोडा अधिक काळ गेला की त्यातून अळी निघते. अंड्यापासून पतंगापर्यंत अडीच महिन्यांच्या आसपास हिशेब येतो, आणि त्यातले जेमतेम काही दिवस पंखांचे. या जिवाला पतंग म्हणून ओळखणे हा त्यामुळे थोडा अन्यायच आहे. आयुष्याचा बराचसा काळ तो पिशवीतच असतो.

ज्यांनी याला नाव दिले त्यांना हे पटले असावे, कारण ‘फेरेओइका’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ ‘घर वाहणारा’ असा आहे. प्राचीन ग्रीक काव्यात तो शब्द गोगलगायीसाठी आला आहे. हे प्रजातिनाम हिंटन आणि ब्रॅडली या दोन ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दिले. जातींची वर्णने मात्र त्याच्या आधीची आहेत: ॲलुटेलाचे ऑस्ट्रियाच्या हान्स रेबेल यांनी १८९२ मध्ये केनरी बेटांवरच्या नमुन्यांवरून केलेले, आणि युटेरेलाचे १८९७ मध्ये लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी केलेले. वॉल्सिंगहॅम हे गृहस्थ चमत्कारिकच. तरुणपणी केंब्रिज विद्यापीठाकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले, काही वर्षे ब्रिटिश संसदेचे सदस्य होते, १८८८ मध्ये एका दिवसात एक हजाराहून अधिक ग्राउज पक्षी मारून त्यांनी शिकारीचा विक्रम केला, आणि त्याच हातांनी त्यांनी नखाएवढ्या पतंगांचे अडीच लाखांहून अधिक नमुने जमवले, जे पुढे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेले. पुढे १९३० च्या दशकात याच जातीचे नव्याने वर्णन झाले आणि तिला त्यांच्याच सन्मानार्थ ‘वॉल्सिंगहॅमी’ असे नाव मिळाले. नंतर लक्षात आले की ही तर त्यांनी स्वतः आधीच नाव दिलेली युटेरेला आहे. जुन्या लिखाणात दोन्ही नावे भेटतात ती यामुळे.

या अळीचे शत्रू घरातच असतात. ॲपँटेलिस कार्पेटस नावाची एक अगदी लहान परजीवी गांधीलमाशी, जी कपडे खाणाऱ्या अळ्यांवरही जगते, ती या अळीच्या अंगात अंडे घालते आणि अळी कोषात जाण्यापूर्वीच संपते. ही गांधीलमाशी माणसाला चावत नाही. पिशवीवाहक अळीही चावत नाही की डंख मारत नाही. तिच्यापासून होणारे नुकसान म्हटले तर ट्रंकेतली घोंगडी, लोकरी गालिचा, जुना स्वेटर एवढ्यापुरते आहे, आणि तेही या वस्तू ओल असलेल्या जागी, न हलवता पडून असतील तर. सुती चादरी आणि साड्यांना तिच्यापासून भीती नाही.

तरीही भिंतीवर त्या नकोत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यासाठी औषधाच्या फवाऱ्यापेक्षा झाडू अधिक कामाचा ठरतो. फवारा पिशवीवर बसतो. आतली अळी रेशमाच्या अस्तराआड, दोन्ही दारे मिटून बसलेली असते. डांबराच्या गोळ्यांचे काम बंद पेटीत होते, कारण तेथे त्यांची वाफ कोंडून राहते. खोलीच्या कोपऱ्यात चार गोळ्या टाकल्याने फक्त खोलीला वास येतो. याउलट कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून मागची जळमटे काढली, पलंगाखालचा केसांचा गुंता आणि पंख्याखाली पडलेले किडे नियमाने झाडून घेतले, न्हाणीघराची खिडकी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू ठेवला आणि लोकरी वस्तू वर्षातून दोन-तीनदा कडक उन्हात झटकून वाळवल्या, तर अन्न आणि ओल दोन्ही एकदम तुटतात. हे सगळे साधारण अडीच महिने नेटाने करावे लागते, कारण फटींमधली अंडी झाडूला लागत नाहीत आणि त्यांतून निघालेल्या अळ्यांना आपले चक्र पुरे करायला तेवढा वेळ लागतो.

भिंतीवरच्या रिकाम्या पिशव्याही या वेळी काढून टाकाव्यात, आणि त्या नुसत्या खाली पाडून ठेवू नयेत. पिशवीचे अस्तर निव्वळ रेशमाचे असते आणि या अळ्या जुन्या पिशव्याही कुरतडतात. खाली पाडलेली पिशवी म्हणजे पलंगाखालच्या पुढच्या पिढीपुढे वाढून ठेवलेले ताट.